फराळाची यादी आणि पहिला प्रोग्राम

नवरात्र बसलं की आमच्या शेजारच्या काकूंचा फोन तापायला लागतो. चकली काय किलो? करंज्या ओल्या नारळाच्या की सुक्या खोबऱ्याच्या? अनारसे नगावर की वजनावर? घरपोच द्याल का, आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का? काकूंच्या एका हाताला भाजणी चिकटलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि कढईतली चकली इकडे काळपट होत चाललेली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी त्या वैतागून मला म्हणाल्या, "अगं, तू कॉम्प्युटरमधली ना? मला एक वेबसाइट करून दे. लोकांनी तिथे वाचावं आणि मला तळू द्यावं."

वेबसाइट कशासाठी हवी हे इतक्या कमी शब्दांत सांगणारं गिऱ्हाईक मला नोकरीत कधी भेटलं नाही. तरीही पहिली संध्याकाळ मी वाया घालवलीच. लॅपटॉप उघडला, केशरी रंगाच्या चार छटा लावून बघितल्या, पणतीचं चित्र शोधलं, डोमेन कितीला पडेल ते पाहिलं. रात्री अकरा वाजता माझ्याकडे एक सुंदर पणती होती आणि चकलीचा भाव कुठेच नव्हता.

प्रोग्रामिंग शिकायची इच्छा असलेले लोक भेटले की पहिला प्रश्न भाषेचाच असतो. पायथॉन घेऊ की जावास्क्रिप्ट? क्लास लावू की व्हिडिओ बघू? मी हल्ली उलटं विचारते: तुमच्या ओळखीत कोणाचा फोन तापतोय? शिकवणी घेणारी बहीण असेल, सोसायटीच्या टँकरचा हिशोब ठेवणारे काका असतील, गावातलं वाचनालय असेल. एका माणसाचं एक काम हलकं करणारं एक पान, एवढंच घ्या. पुढे कोणती भाषा लागेल ते काम स्वतःच सांगतं.

आधी पेन्सिल

प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना. शिंपी आधी कच्चे टाके घालून ब्लाउज अंगावर चढवून बघतो आणि मगच पक्की शिलाई मारतो, त्यातलाच प्रकार. कच्चा टाका उसवताना कोणाला वाईट वाटत नाही. पाम पायलट हे हातात मावणारं यंत्र १९९०च्या दशकात बनवणारे जेफ हॉकिन्स सुरुवातीला खिशात चक्क लाकडाचा ठोकळा घेऊन फिरत. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं. यंत्राचा आकार, त्यावर काय हवं आणि काय नको, हे त्यांना लाकडाने सांगितलं.

आम्हाला ते किराण्याच्या वहीने सांगितलं. मी काकूंना म्हटलं, दोन दिवस आलेल्या प्रत्येक फोनला एक रेघ मारा, कशासाठी आला ते लिहून. दोन दिवसांनी वहीच्या मागच्या पानावर रेघांचे गठ्ठे पडले होते. सगळ्यात मोठा गठ्ठा भावाचा. त्याखालोखाल "कधीपर्यंत ऑर्डर दिली तर चालेल". मग घरपोच. मग तेल कोणतं वापरता. "हा व्यवसाय कधी सुरू केलात आणि प्रेरणा कोणाची" असं एकानेही विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यातल्या पानावर मात्र "आमच्याविषयी" सगळ्यात वर होतं.

वहीतल्या गठ्ठ्यांचा उतरता क्रम हाच पानाचा वरून खालचा क्रम. याहून मोठं डिझाइनचं शास्त्र पहिल्या पानाला लागत नाही.

आता कागद. छपाईच्या कागदाची दोनदा घडी घाला, चार तुकडे करा. प्रत्येक तुकडा फोनपेक्षा जरासा मोठा होतो. मुद्दाम फोनच्या मापाने काढा, कारण बघणारे फोनवरच बघणार आहेत. पेन्सिल वापरा. जिथे फोटो येणार तिथे चौकोन आणि त्यात फुली. जिथे बटण तिथे गोल कोपऱ्यांचा चौकोन. अक्षर मात्र खरं लिहा. "इथे मजकूर येईल" असं लिहिलेला कागद काहीच शिकवत नाही. "भाजणीची चकली, १ किलो, ६०० रुपये" असंच लिहायचं.

मग तो कागद अशा माणसासमोर ठेवायचा ज्याला यातलं काही ठाऊक नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंना बोलावलं. त्यांना एवढंच सांगितलं: हा फोन आहे असं समजा, बोट लावलं की दाबलं, तुम्हाला दीड किलो चकली मागवायची आहे. यानंतरचा नियम पाळायला फार अवघड: गप्प बसायचं. ताईंनी "चकली" या शब्दावरच बोट ठेवलं. मी लगेच, "नाही नाही, ते नुसतं नाव आहे, खाली बटण..." काकूंनी डोळे वटारले. बरोबरच होतं. दिवाळीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे मी थोडीच उभी राहणार होते?

ताईंच्या बोटाने दहा मिनिटांत तीन गोष्टी शिकवल्या. लोक पदार्थाच्या नावालाच बटण समजतात. शेवटची तारीख वरच हवी, खाली ती कोणी वाचत नाही. आणि तिसरी, जी आमच्या दोघींच्याही डोक्यात नव्हती: "यात पाव किलो नाही का हो? अनारसे आमच्याकडे मीच एकटी खाते." नवा कागद घेतला, पाच मिनिटांत दुसरा नमुना तयार. हेच मी आधी कॉम्प्युटरवर केलं असतं तर बदलायचा कंटाळा केला असता आणि ताईंनाच दोष दिला असता.

किती जणांना दाखवावं? वापरायला सोप्या वेबसाइटींवर आयुष्यभर काम केलेले जेकब निल्सन यांनी २००० साली लिहिलं की पाच माणसांत बहुतेक अडचणी सापडतात. आम्ही तिघांवर भागवलं. तिसऱ्या माणसाने पहिल्या दोघांचंच गाऱ्हाणं गायलं, तेव्हा थांबलो.

एक फाइल, बस

आता पक्की शिलाई. त्यासाठी विकत काहीच घ्यावं लागत नाही. विंडोजमधलं नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर पुरेसा आहे. कॉम्प्युटर नसेल तर कोडपेनसारख्या साइटवर फोनमध्येही सराव करता येतो. बोटं दुखतात, पण येतो.

वेबपेज म्हणजे साधी मजकुराची फाइल असते, हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यांची सुरुवातीची पानं म्हणजे नुसता मजकूर आणि दुवे होते, ना रंग ना चित्र. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सगळ्यांना फुकट वापरायला खुलं केलं. पानाला रूपरंग देणारी सीएसएस ही भाषा प्रमाण म्हणून आली ती १९९६च्या डिसेंबरात. म्हणजे पहिली काही वर्षं जगाचं काम बिनरंगाच्या पानांवर चालत होतं. आणि गंमत अशी की तसं लिहिलेलं पान आजच्या फोनवरही उघडतं. तुमचं पहिलं पान असंच बिनरंगी असू द्या.

नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहायचं म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना "हा मथळा", "हा परिच्छेद", "ही यादी" अशा चिठ्ठ्या लावायच्या. चिठ्ठी टोकदार कंसात लिहितात. सुरुवातीला एक, संपताना दुसरी. संपतानाच्या चिठ्ठीत नावाआधी एक तिरकी रेघ. (इथे मी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायची.) मोठ्या मथळ्याला "एच" आणि त्याला चिकटून एकचा आकडा. परिच्छेदाला नुसतं "पी". यादीला "यूएल" आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला "एलआय". दुव्याला "ए". चित्राला "आयएमजी", आणि ही चिठ्ठी एकटीच असते, तिला संपवणारी जोडीदार नाही. भावपत्रकाला "टेबल", त्यात प्रत्येक आडव्या ओळीला "टीआर" आणि ओळीतल्या प्रत्येक खणाला "टीडी". काकूंचं पहिलं पान एवढ्याच चिठ्ठ्यांवर उभं होतं. उरलेल्या पाठ करू नका. लागतील तेव्हा शोधा.

फाइलला नाव "इंडेक्स", टिंब, "एचटीएमएल". इथे पहिला सापळा आहे. विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं आणि नोटपॅड आपणहून मागे "टीएक्सटी" लावून देतं. तुम्हाला नाव बरोबर दिसतं, पण डबल क्लिक केलं की पान उघडण्याऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतं. सेव्ह करताना खालच्या खणात "ऑल फाइल्स" निवडा. असल्या ठिकाणी वैतागून सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत आणि प्रत्येकाला वाटलेलं असतं की आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही. ते प्रोग्रामिंग नव्हतंच, ते शेपूट होतं.

डोक्याच्या भागात, म्हणजे "हेड"मध्ये, तीन ओळी मराठी पानाला हव्यातच. पहिली, अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं सांगणारी. ती नसली तर "चकली"च्या जागी परग्रहावरची अक्षरं दिसू शकतात. फाइलसुद्धा त्याच पद्धतीने सेव्ह झालेली हवी. अलीकडचं नोटपॅड ते आपणहून करतं. जुन्या विंडोजवरचं करत नाही आणि देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. दुसरी ओळ "व्ह्यूपोर्ट"ची. ती विसरलात तर फोन असं धरून चालतो की पान मोठ्या पडद्यासाठी आहे, ९८० पिक्सेल रुंद मांडतो आणि मग आकसून दाखवतो. आमचं पान पहिल्यांदा फोनवर उघडलं तेव्हा काकूंना सगळं मुंगीएवढं दिसलं, ते यामुळेच. तिसरी ओळ पानाच्या शीर्षकाची.

आणि सगळ्यात वरच्या "एचटीएमएल" चिठ्ठीतच भाषा सांगायची: "लँग" बरोबर "एमआर". ही चैन नाही. हिंदीत आणि मराठीत ल आणि श यांची वळणं वेगळी आहेत, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. नोटोसारख्या काही फॉण्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात. पान मराठी आहे असं सांगितलं की मराठी वळण पुढे येतं. "लाडू"चा ल मराठी दिसला पाहिजे, एवढा हट्ट धरायला हरकत नाही. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांचे मुक्ता, बालू हे फॉण्टही गुगल फॉण्ट्सवर फुकट आहेत आणि फोनच्या बारीक पडद्यावर मुक्ता छान वाचता येतो.

फॉण्टावरून आठवलं. काकूंकडे आदल्या वर्षीच्या छापील पत्रकाची फाइल होती. मी त्यातला मजकूर उचलून पानात टाकला आणि इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी समोर आली. छपाईच्या जुन्या फॉण्टांत खरं अक्षर रोमनच असतं, त्यावर चित्र तेवढं देवनागरीचं. फॉण्ट काढला की मराठीही गेली. रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि "खोबऱ्याची"मधला र नीट आला का ते ओळ न् ओळ तपासावं लागतं. चाळीस ओळींसाठी सरळ फोनवर बोलून मजकूर लिहवून घेतला, तो लवकर झाला.

फोटोंचं थोडक्यात सांगते. फोनने काढलेला फोटो तसाच टाकू नका, तो काही एमबींचा असतो. हजारेक पिक्सेल रुंदीचा करून घ्या. फाइलची नावं रोमन, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. घरच्या विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळत नाही, पण इंटरनेटवर पान ज्या कॉम्प्युटरवर राहतं त्या सर्व्हरला बहुतेक वेळा कळतो. त्यामुळे घरी दिसणारी चकली इंटरनेटवर गेली की गायब होते, आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

पान जगासमोर ठेवायला पैसे लागत नाहीत. नेटलिफाय ड्रॉप या साइटवर फोल्डर ओढून टाकला की पत्ता मिळतो. गिटहब पेजेसवर खातं काढून फाइल चढवली, सेटिंग्जमध्ये पेजेस सुरू केलं की तिथेही मिळतो. गिटहबचा जास्तीचा फायदा असा की प्रत्येक बदलाची नोंद राहते; काल चालणारं पान आज बिघडलं तर कालच्यावर परत जाता येतं. डोमेन पुढच्या दिवाळीला घ्या. एक सावधगिरी मात्र पहिल्या दिवसापासून: पानावर लिहिलेलं आणि फाइलमध्ये लपवलेलं असं दोन्ही सगळ्या जगाला दिसतं. पासवर्ड, बँकेचे तपशील, गिऱ्हाइकांचे नंबर त्यात येता कामा नयेत. खाण्याचं विकत असाल तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक मात्र जरूर टाका.

गुणाकार बरोबर, बेरीज चूक

पान चढलं, भावाचे फोन कमी झाले, आणि आठवड्याने नवाच फोन सुरू झाला: "दोन किलो चकली, एक किलो चिवडा, याचे एकूण किती?" प्रोग्रामिंग सुरू झालं ते इथे. आत्तापर्यंत केलं ते मांडणी करणं होतं. आता पानाला हिशोब करायचा होता. ब्राउझरला कळणारी हिशोबाची भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या कंपनीत तिचं पहिलं रूप दहा दिवसांत तयार केलं. त्या घाईच्या खुणा तिच्यात अजून आहेत. त्यातली एक आम्हाला पहिल्याच दिवशी आडवी आली.

दोन खण ठेवले: चकली किती किलो, चिवडा किती किलो. खाली एकूण रक्कम, आणि कुरिअरसाठी एकूण वजन. मी काकूंच्या मुलाला बसवलं. तो कॉमर्सचा, कोड कधी न लिहिलेला. त्याने चकलीच्या खणात २ टाकले, चिवड्याच्या खणात १. रक्कम आली १६०० रुपये. चकली ६००, चिवडा ४००, बरोबर. वजन आलं २१ किलो.

तो हसला, मग गप्प झाला. मग म्हणाला, "गुणाकार येतो आणि बेरीज येत नाही, असं कसं?" प्रोग्रामिंगचा पहिला धडा याहून चांगला मिळत नाही, म्हणून मी उत्तर सांगितलं नाही. त्याला म्हटलं, ३ आणि ४ टाकून बघ. ३४ आलं. ० आणि ५? ०५. तेव्हा त्याला दिसलं: हा बेरीज करत नाहीये, शेजारी शेजारी लिहितोय.

कारण असं. खणात टाइप केलेलं काहीही जावास्क्रिप्टला आकडा म्हणून मिळत नाही, मजकूर म्हणून मिळतं. अधिकच्या चिन्हाचे तिच्याकडे दोन अर्थ आहेत, आकड्यांची बेरीज करणं आणि मजकूर जोडणं. समोर मजकूर आला की ती जोडते. गुणाकाराच्या चिन्हाला मात्र एकच अर्थ. मजकुराचा गुणाकार होत नाही, म्हणून ती आधी मुकाट्याने त्याचा आकडा करते आणि मग गुणते. उपाय एका शब्दाचा: बेरजेआधी प्रत्येक खणाचा मजकूर "नंबर" नावाच्या आज्ञेतून काढायचा. पण शब्द महत्त्वाचा नाही, त्याने लावलेला शोध महत्त्वाचा. चूक दिसली, लहान आकडे टाकून पुन्हा घडवून आणली, घडण्याची रीत ओळखली. पगार घेणारे प्रोग्रामरही दिवसभर हेच करतात.

दुसरी चूक अस्सल आपल्याकडची. एका आजोबांनी फोन केला, "तुमचं पान मला काहीतरी इंग्रजीत सांगतंय." त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. त्यांनी खणात देवनागरी २ टाकला होता. जावास्क्रिप्टच्या "नंबर"ला देवनागरी आकडे कळत नाहीत, ती "हा आकडाच नाही" अशा अर्थाचं "एनएएन" तोंडावर फेकते. पायथॉन याबाबतीत शहाणी. तिला देवनागरी १२ दिलं तरी ती बारा समजते. (पायथॉन की जावास्क्रिप्ट, या वादात हा मुद्दा मी कोणाला मांडताना ऐकलेला नाही.)

दुरुस्ती करताना एक छान दार उघडतं. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६, १ चा २४०७, असं करत ९ चा २४१५. म्हणजे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा हातात. काकूंच्या मुलाने हे वहीवर करून बघितलं आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला माझं पहिलं वर्ष आठवलं. याच वाटेने त्याला हेही कळलं की "शंकरपाळे" आपण पाच अक्षरं मोजतो आणि जावास्क्रिप्ट आठ, कारण ती काना, मात्रा, अनुस्वार सगळे सुटे मोजते.

त्याने ती दुरुस्ती लिहिली, चालली, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी खणात "अर्धा" असा शब्द लिहिला.

यावर कोडचं उत्तर आहे, पण ते मूर्खपणाचं आहे. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, सगळे शब्द शिकवत बसायचं का? आम्ही ताईंचा तो कागद पुन्हा काढला. पाव किलो नाही का, असं त्यांनी विचारलं होतं. म्हणजे लोकांना वजन लिहायचं नव्हतंच, निवडायचं होतं. खण काढून टाकला आणि "सिलेक्ट" लावलं: पाव, अर्धा, एक, दीड, दोन किलो. गिऱ्हाइकाला "अर्धा किलो" दिसतं, आत कोडला ०.५ मिळतं. देवनागरी आकड्यांसाठी लिहिलेला सगळा कोड त्या मुलाने पुसला. थोडा हळहळला. मी म्हटलं, कोड लिहिता येणं ही अर्धी विद्या, उरलेली अर्धी तू आत्ता केलीस.

शेवटी एक बटण: दाबलं की निवडलेल्या फराळाची यादी तयार होऊन काकूंच्या व्हॉट्सॲपला संदेश म्हणून उघडते. व्हॉट्सॲपच्या दुव्यात देशाचा ९१ आणि पुढे नंबर, अधिकचं चिन्ह न लावता, आणि मागे मजकूर जोडायचा. मजकूर आधी पत्त्यात बसेल असा करून घ्यावा लागतो, त्याची तयार आज्ञा आहे. चार चिन्हांची "चकली" त्यात छत्तीस चिन्हांची होते. घाबरायचं कारण नाही, पलीकडे ती पुन्हा चकलीच होते.

पुढे काय वाचू

हा प्रश्न येतोच, पण याचं उत्तर लांबवावंसं वाटत नाही. मोझिलाचं एमडीएन हे संदर्भासाठी सगळ्यात विश्वासाचं. फ्रीकोडकॅम्पवर सराव फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदनाचे पाठही आहेत. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर तिथून सुरुवात करा.

वाचण्यापेक्षा मला उचकापाचक जास्त शिकवून गेली. कॉम्प्युटरवर कोणतंही पान उघडून एफ-१२ दाबा. त्या पानाची आतली शिवण दिसते. एखाद्या बातमीचा मथळा बदलून तिथे स्वतःचं नाव टाका. पान पुन्हा लोड केलं की तुमचं नाव जातं, कारण तुम्ही बदलली ती तुमच्याकडे आलेली प्रत, सर्व्हरवरचं मूळ नव्हे. सर्व्हर आणि ब्राउझर यांतला फरक सांगायला मी पूर्वी फळ्यावर आकृत्या काढायचे. हल्ली हेच करायला लावते.

एआयचं काय? त्याला सांगितलं तर काकूंचं अख्खं पान ते मिनिटात लिहून देईल, पणतीसकट. मी स्वतः वापरते. पण शिकण्याच्या दिवसांत एक पथ्य पाळा: जेवढं वाचून समजेल तेवढंच घ्या. तीनशे ओळी मागण्यापेक्षा स्वतःच्या वीस ओळी देऊन "वजन २१ का येतंय" हे विचारा. उत्तर आलं की ते खरं आहे का, हे ३ आणि ४ टाकून स्वतः बघा. शिवाय ताई बोट कुठे ठेवतील हे त्यालाही ठाऊक नसतं. त्यासाठी कागद घेऊन दुसऱ्या मजल्यावर जावंच लागतं.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या रात्री साडेदहाला काकूंचा फोन आला. "अनारसे संपले गं. पानावर लिही पटकन, नाहीतर सकाळपासून लोक मागायला लागतील." मी बाहेरगावी होते, लॅपटॉप घरी. म्हटलं, काकू, गिटहबवर लॉग इन करा, फाइल उघडा, पेन्सिलीचं चिन्ह दाबा. अनारशाची ओळ सापडली? भावाच्या जागी "संपले" लिहा. आता खालचं हिरवं बटण.

बराच वेळ पलीकडून नुसता श्वासाचा आवाज. मग, "झालं वाटतं." मी माझ्या फोनवर पान ताजं केलं. अनारसे संपले होते. आणि चकली ६२० झाली होती.

"तेल वाढलंय," काकू म्हणाल्या.